गंजलेली फियाट घरी उभी राहील का?

“गोठ्याच्या कडेला वीस वर्षं उभी आहे. चालू होईल का?” सातारा-सांगलीकडे जुन्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. गाडी बहुतेक वेळा फियाट असते, आजोबांनी किंवा चुलत्यांनी घेतलेली. टायर जमिनीला टेकलेले, टपावर कडब्याच्या पेंढ्या, आत उंदरांचा संसार. घरात तिच्यावरून दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो भंगारवाल्याला बोलवा, दुसरा म्हणतो रविवार-रविवार करून आपणच उभी करू.

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, चालू होईल. या गाडीचं इंजिन इतकं साधं आहे की ते बहुधा चालू होतंच. पण तेवढ्यानं गाडी उभी राहत नाही. ती उभी राहणार की नाही, हे दुसऱ्याच एका प्रश्नावर ठरतं. तिच्यात पत्रा किती शिल्लक आहे? या प्रकरणाचा बराचसा भाग त्या पत्र्यावरच खर्च होणार आहे.

१. ही गाडी आली कुठून?

वालचंद हिराचंद हे नाव सांगलीकरांना अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे पाठ असतं. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. आधी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० इथं तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली, सत्तरच्या दशकात ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. बारसं पुन्हा पुन्हा झालं, पण मूळ रचना फारशी हलली नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरची दांडी, मागं पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा ठरला.

हौशी माणसाला या इतिहासाचा एक रोकडा फायदा आहे. गाडी अनेक दशकं जवळपास तशीच बनत राहिली, त्यामुळे जुन्या बाजारात तिचे भाग अजून सापडतात. पण तिच्या रचनेत एक मेखही आहे. जीपला खाली चासी असते, म्हणजे दोन जाड लोखंडी तुळया, आणि वर बॉडी बोल्टांनी बसवलेली. बॉडीचा पत्रा सडला तरी जीप धावते. आपल्याकडच्या कितीतरी वडापच्या जीपा तशा वर्षानुवर्षं धावल्या. फियाटला अशी वेगळी चासी नाही. फरशीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छताचे खांब एकमेकांना वेल्ड करून जी पोकळ रचना तयार होते, तीच गाडीचा सगळा भार पेलते. जीपच्या फरशीला भोक पडलं तर पायाला वारा लागतो. फियाटच्या फरशीचा नि पट्ट्यांचा पत्रा गेला तर गाडी मधोमध खाली बसू लागते.

२. गंज म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघं एकत्र आले की गंज चढतो. यातलं एक काढून घेतलं की काम थांबतं. कोरड्या हवेत लोखंड फारसं गंजत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पातळ थर पत्र्यावर बसतो आणि गंजाचा वेग वाढतो.

आत घडतं ते असं. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागं ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून सरकत दुसऱ्या जागी जातात आणि तिथं पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते उचलतो. थोडक्यात, पाण्याच्या एका थेंबाखाली वीज वाहते, एका टोकाला लोखंड खर्च होतं आणि दुसऱ्या टोकाला प्राणवायू. पाण्यात मीठ असलं तर वीज सहज वाहते, म्हणून खाऱ्या हवेत गंज झपाट्यानं पसरतो.

आता गंमत बघा. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर असतो आणि मध्यभागी कमी. आपल्याला वाटतं की जिथं हवा जास्त तिथं गंज जास्त. प्रत्यक्षात लोखंड खाल्लं जातं ते मध्यभागी, जिथं प्राणवायू कमी पोचतो तिथं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की गाडी कुठे सडली असेल हे न बघताही सांगता येतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या चिखलाखाली, मॅटखालच्या ओल्या नमद्याखाली, दोन पत्रे एकावर एक बसतात त्या फटीत, काचेच्या रबराखाली. उघड्या, वाऱ्यावर वाळणाऱ्या बॉनेटवर तांबूस डाग दिसतात खरे, पण तिथला पत्रा बहुधा शाबूत असतो.

आणखी एक हिशेब. एक किलो लोखंड पूर्ण गंजलं तर त्याचा कोरडा ऑक्साइड भरतो सुमारे १.४३ किलो, जास्तीचं वजन प्राणवायूचं. आणि मूळ लोखंडापेक्षा गंज जागा घेतो दुपटी-तिपटीनं. म्हणूनच रंगाला फोड येतात. आत गंज फुगतो, त्याला जागा हवी असते. वेल्डिंगनं घट्ट जोडलेले दोन पत्रेसुद्धा त्या दाबानं एकमेकांपासून सुटतात. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो, तो आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो आणि पाणी धरून ठेवतो. तो स्वतःहून कधीच थांबत नाही.

३. दहिवडीची गाडी आणि महाबळेश्वरची गाडी

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला दहिवडीचा माण तालुका आहे, तिथं पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एकाच वर्षी, एकाच रंगात कुर्ल्याहून बाहेर पडलेल्या दोन फियाट या दोन टोकांना उभ्या राहिल्या, तर वीस वर्षांनी त्या दोन वेगळ्या गाड्या झालेल्या असतात. दहिवडीच्या गाडीचं रबर तडकलेलं, डॅशबोर्ड उन्हानं फाटलेला, रंग पांढुरका पडलेला, टाकी कोरडी. दिसायला ती भिकार असते. पण फरशीवर हातोडी मारली तर खणखणीत आवाज येतो. महाबळेश्वर-पाचगणीकडची गाडी ताडपत्रीखाली जपलेली, रंग चकाकणारा आणि खालून चाळण. माझं मत विचाराल तर जत, आटपाडी, माण, खटाव या भागातली बंद पडलेली गाडी घाटमाथ्यावरच्या चालू गाडीपेक्षा केव्हाही बरी. रबर विकत मिळतं.

कृष्णाकाठच्या गाड्यांची तऱ्हा तिसरीच. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या पुरांत सांगलीत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीचं पाणी समुद्रासारखं खारं नसतं, हा दिलासा. पण पाणी ओसरलं तरी गाळ ओसरत नाही. तो दारांच्या पोकळीत आणि खालच्या पट्ट्यांत बसतो, महिनोन्‌महिने ओल धरतो आणि वर सांगितलेला प्रकार सुरू होतो. पुराची गाडी ओळखायची तर दाराचं आतलं कव्हर काढा, मागच्या सीटखाली बोट फिरवा, हेडलाइटच्या वाटीत बघा. बारीक मऊ राखाडी गाळ हाताला लागला की समजून जा.

गाडी ठेवली कुठे होती, हेही विचारा. आपल्याकडे बंद गाडी नि खताची पोती एकाच शेडमध्ये असतात. बाजारात पोटॅश म्हणून जे खत मिळतं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. हवेतली ओल ओढून ते पाझरतं. पोती ज्या बाजूला टेकली होती, गाडीची तीच बाजू सडलेली दिसते. गोठ्यातलं गोमूत्र नि ओल यांचाही पत्र्यावर असाच परिणाम होतो.

४. हातोडी, पेचकस आणि लोहचुंबक

तपासणीला एवढीच हत्यारं पुरतात. मॅट आणि नमदा उचलून फरशी उघडी करा. बोथट पेचकसानं दर चार बोटांवर दाबून बघा. टोक आत घुसलं तर तिथं पत्रा नाही, फक्त गंज आहे. मग दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांची टोकं जिथं बॉडीला धरली आहेत त्या जागा, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेचा खालचा कोपरा. यातली पाट्यांची जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथं गाडीचा भार येतो.

रंग चांगला दिसत असेल तर लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथं तो नीट धरत नाही तिथं पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. पेंटर ज्याला लांबी भरणं म्हणतात, ती पुट्टी. अर्धा-एक मिलिमीटर लांबी प्रत्येक गाडीवर असते, त्यात गैर काही नाही. चुंबक सुटून पडला तर आत भोक बुजवलेलं आहे.

शेवटची परीक्षा जॅकची. चारही दारं सहज लागतात का बघा. मग एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि त्या बाजूची दारं पुन्हा लावून बघा. आधी सहज लागणारं दार आता अडकलं, तर खालच्या पट्ट्यांत जीव उरलेला नाही, गाडी वाकते आहे. अशी गाडी घरच्या अंगणात उभी राहत नाही. ती डेंटरकडे, पुरेशी हत्यारं आणि आधार असलेल्या जागीच जायला हवी.

जे सापडेल त्याची तीन प्रतींत वाटणी करा. वरवरचा गंज पॉलिश पेपरनं निघतो. खड्डे पडलेला गंज आटोक्यात आणता येतो, पण पत्रा किती उरला ते मोजावं लागतं. पत्रा २० गेजचा असेल, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाड, आणि दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटरचे खड्डे पडले असतील, तर मध्ये उरतं फक्त ०.३ मिलिमीटर. वेल्डिंगची ज्योत लागताच ते वितळून जाईल. तिसरी प्रत आरपार गेलेल्या पत्र्याची, तिथं कापून नवीन पत्रा घालण्याला पर्याय नाही.

५. गंज काढायचा कसा?

मोठ्या पत्र्यावर हातच चालवावा लागतो: तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर. चष्मा आणि चांगला मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका. तारेचे तुटलेले तुकडे गोळीसारखे उडतात. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासून धूळ उडवण्याऐवजी पाण्याचा पेपर वापरून ओला घासावा आणि पोरांना लांब ठेवावं.

बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट, ब्रॅकेट अशा सुट्या भागांसाठी मात्र कष्ट न करता गंज काढायचे मार्ग आहेत, आणि त्यातला एक आपल्या उसाच्या पट्ट्यात शोभून दिसतो. साखर कारखान्याची मळी. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले हौशी लोक एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण पिंपात करून त्यात गंजलेले भाग बुडवून ठेवतात. मळीतली काही द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढून घेतात, चांगल्या लोखंडाला ती फारशी शिवत नाहीत. दोन-तीन आठवडे लागतात. वास सुटतो, माश्या येतात, घरच्यांचं बोलणं खावं लागतं, पण भाग निघतो स्वच्छ. इथं मळीच्या साठ्यावर आणि विक्रीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, तेव्हा पिंप भरून आणायला कारखान्यावर जाऊ नका. गुरांच्या खाद्यासाठी मिळते तेवढ्यावर भागवा. एक खबरदारी: ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा भाग, उदाहरणार्थ कार्बोरेटर, त्यात टाकू नका. तो खराब होतो.

दुसरा मार्ग विजेचा. गंजताना लोखंडानं इलेक्ट्रॉन गमावले; उलट्या दिशेनं वीज सोडून त्याला ते परत देता येतात. २० लिटरची प्लास्टिकची बादली पाण्यानं भरा, त्यात पाच मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेला भाग तारेनं मध्ये लटकवा आणि त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार जोडा. धन तार साध्या लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. चार्जर चालू केला की भागावरून बुडबुडे निघतात, गंज सुटून पाणी मातकट होतं. रात्रभरात बराच फरक दिसतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि जवळ विडी-काडी नको. टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नका. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. पाटे, स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट या पद्धतीनं साफ करू नयेत, कारण हायड्रोजन त्यांच्यात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून बाटली मिळते. तिच्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. पहिलं गंजाचं फॉस्फेट करतं, दुसरं टॅनेट. दोन्ही गंजापेक्षा स्थिर. टॅनिक आम्लाचा प्रकार आपल्या मातीला अनोळखी नाही. महाबळेश्वर-कोयनेच्या रानातला हिरडा टॅनिननं भरलेला असतो, म्हणून तर तो कातडी कमावायला जातो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की निळसर काळा रंग उमटतो आणि जुनी शाई त्याच गुणावर बनायची. गंजावर बाटलीतलं द्रव लावल्यावर जो काळा थर येतो, तो याच कुळातला. मात्र घरी हिरडा उकळून गाडीला फासू नका. बाटलीतल्या द्रवात थर धरून ठेवणारा चिकट घटकही असतो, काढ्यात तो नसतो. आणि बाटली कितीही भारी असो, सुटा गंज खरवडल्याशिवाय ती काम करत नाही.

कुठल्याही मार्गानं गंज काढला तरी उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतं, पावसाळ्यात तर बघता बघता. धुवा, उन्हात किंवा गरम हवेनं लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. म्हणून एका रविवारी सबंध गाडी घासायला घेऊ नये. एक दार घ्या, ते प्रायमरपर्यंत न्या, मग दुसरं.

६. ठिगळ

सडलेल्या भोकावर फायबरचा कपडा चिकटवून वर लांबी भरायची, रंग मारायचा, ही आपल्याकडची लोकप्रिय युक्ती. कीड न कोरता दात भरण्यासारखंच हे. वरून दात पांढरा दिसतो, आत पोखरणं चालूच राहतं. विकायला काढलेल्या पुष्कळ गाड्यांवर हाच दवाखाना झालेला असतो.

खरं ठिगळ असं घालतात. समजा, फरशीला जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं, अडीच सेंटिमीटरचं भोक आहे. भोवतालचा पत्रा दाबून बघितला तर चांगला पत्रा सुरू होतो तो भोकाच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटरवर. म्हणजे कापायचा चौकोन झाला साधारण १० बाय १० सेंटिमीटरचा. लोक इथंच कचरतात. नाण्याएवढ्या भोकासाठी तळहाताएवढा पत्रा कापायचा जीव होत नाही. पण वेल्डिंगला धरायला निरोगी कड लागते. त्याच मापाचा, त्याच जाडीचा पत्रा कापून बसवा. चौकोनाचा घेर ४० सेंटिमीटर. दर तीन-चार सेंटिमीटरवर एक टाका धरला तर दहा-बारा टाके होतात. ते ओळीनं मारू नका. एक इकडे, दुसरा समोर, मध्ये पत्रा थंड होऊ द्या. पातळ पत्रा एका जागी तापला की पापडासारखा वाकडा होतो. सगळे टाके बसल्यावर मधल्या जागा अशाच थांबत थांबत भरा.

घरच्या घरी यासाठी सीओटू वेल्डिंग बरं. त्याची आच छोट्या जागेत राहते. शेतीची अवजारं जोडायचं साधं काडीचं वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, नमदा आणि सीट बाहेर काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. आणि टाकीलाच भोक असेल तर तिला घरी वेल्डिंग करायचं मनातही आणू नका. वर्षानुवर्षं रिकामी असलेल्या टाकीतही वाफ साचलेली असते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त जोरात फुटते.

ठिगळ झालं, रंग झाला, तरी पोकळ पट्ट्यांची आतली बाजू उघडीच राहते. तिथं मेणासारखं संरक्षक द्रव लांब नळीनं फवारतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. त्यानं पाणी अडतं हे खरं, पण रबराची बुशं फुगतात आणि ऑइल ठिबकून जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात उतरतं. मी ते मारायला सांगणार नाही. त्याऐवजी दारांच्या तळाशी पाणी जायला कारखान्यानं ठेवलेली भोकं तारेनं मोकळी करा. दाराचा पत्रा खालूनच सडायला सुरुवात का होते, याचं अर्धं उत्तर त्या बुजलेल्या भोकांत असतं.

७. इंजिनाबद्दल थोडक्यात

थोडक्यात, कारण इथं मदत हाकेच्या अंतरावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना थाटला, त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. सातारा रोड या ठिकाणी उद्योजक कूपर यांनी नांगर आणि इंजिनं बनवली. कुपवाड, मिरज, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींत लेथ, ग्राइंडिंग, बोअरिंग करणारी दुकानं आजही आहेत. फियाटचं इंजिन त्यांच्या दृष्टीनं अवघड नाही.

घरी करायचं ते एवढंच. इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून गिअरमध्ये तर मुळीच टाकू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, काही दिवस थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पान्हा लावून इंजिन हातानं हलवायचा प्रयत्न करा, पुढं-मागं, झटका न देता. फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला. पाण्याची वाट साफ करा आणि ठिणगी येते का पाहा. नाही फिरलं तर हेड उतरवून लेथवाल्याकडे जा. ब्रेक मात्र इंजिनाआधी करा. चालू झालेली पण थांबत नसलेली गाडी अंगणात कुणालाच नको असते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तेव्हा ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

८. पेट्रोलमधला ऊस

जुन्या गाडीवाल्यांसाठी ही नवी डोकेदुखी आहे, आणि तिचं मूळ आपल्याच शिवारात आहे. वाळवा-कराड पट्ट्यातल्या उसापासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं; आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आहे. साठच्या दशकातल्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग यांना इथेनॉल सोसत नाही. ती फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साचतो आणि टाकी आतून गंजते, बाहेरून काही कळत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पॅकिंग बसवा. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावा. त्यात तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवायची वेळ झाली. आणि गाडी फक्त सणासुदीला काढत असाल तर टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नका.

९. देवराष्ट्रेची गाडी आणि आरटीओ

कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. २०२१ च्या अखेरीस ते आणखी एका कारणानं देशभर पोचलं. गावातले फॅब्रिकेशनचं काम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून मुलासाठी छोटी चारचाकी बनवली. खर्च सुमारे साठ हजार. ती दुचाकीसारखी किक मारून चालू व्हायची. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं उघड कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

लोहारांच्या हातातलं कसब, पत्रा वळवायचं आणि जोडायचं, फियाट उभी करणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच. ते पुस्तकातून येत नाही. गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात चार दिवस बसून टाकाऊ पत्र्यावर टाके मारायला शिका. पण कायद्याच्या नजरेत दोन्ही कामं वेगळी आहेत. भंगारातून नवी गाडी बनवली तर तिला नोंदणी मिळत नाही. नोंदलेली गाडी मूळ रूपात परत आणली तर तिची नोंदणी टिकवता येते.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ते वर्षानुवर्षं राहिलं असेल तर दंड आणि पर्यावरण कर भरावा लागतो. शुल्कं बदलत असतात, तेव्हा ज्या कार्यालयात नोंद आहे तिथं, म्हणजे साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १० किंवा कराडला एमएच ५०, आधी चौकशी करा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील तर दुसरी वाटही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. १९७२ साली नोंदलेली फियाट २०२२ पासून त्यात बसते, १९८० ची २०३० मध्ये बसेल. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. राज्याच्या अक्षरांनंतर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

अट एकच मोठी आहे, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. इंधन वाचावं म्हणून ज्या फियाटमध्ये कुणीतरी डिझेल इंजिन बसवलं, तिची व्हिंटेज नोंदणी तिथंच अडते. साध्या नोंदणीतसुद्धा इंजिन बदललं किंवा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद हवी. म्हणून पहिला बोल्ट सोडवण्याआधी एका रविवारी कपाटातून आरसी बुक शोधा, चासी आणि इंजिन नंबर गाडीवर तेच आहेत का ते घासून वाचा आणि मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्याचे कागद सुरू करा. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

कागद शाबूत, फरशी शाबूत आणि इंजिन जाम, अशी फियाट असेल तर हात घाला. फरशी गेलेली आणि आरसी बुक हरवलेली गाडी चालत दारात आली तरी ती उभी करायच्या फंदात पडू नका. तिच्या काचा, दिवे, दारांच्या मुठी आणि गिअरबॉक्स तेवढे काढून ठेवा. दुसऱ्या एखाद्या फियाटवाल्याला ते हवे असतील.